थांबायचं काम

हात मावशीचा मोडला आणि हुरूप आला वन्संना, असं मावशीचा नवरा पुढे सगळ्यांना हसत सांगायचा. त्यात खोटं काही नव्हतं.

मावशी कुणाची सख्खी मावशी नव्हे. परदेशातल्या एका वृद्धाश्रमात ती आयाचं काम करायची. नवीन लागली तेव्हा तिथल्या म्हाताऱ्याकोताऱ्यांना तिचं नाव काही केल्या उच्चारता येईना. एक आजोबा तर रोज नव्याच नावाने हाक मारत. शेवटी वैतागून ती म्हणाली, "मला नुसतं मावशी म्हणा." तो शब्द मात्र सगळ्यांच्या जिभेवर बसला. मेट्रनपासून भांडी घासणाऱ्यापर्यंत जो तो आपापल्या हेलात 'मावशी' म्हणू लागला. अर्थ कुणालाच ठाऊक नव्हता, पण ही हाक मारली की ती येते एवढं पक्कं ठाऊक होतं.

आणि यायची तीही कशी, वाऱ्यासारखी. बोलता बोलता चादर बदललेली, तोंड पुसलेलं, केस विंचरलेले. स्वेटरची बटणं तर खालून वर अशी लावत जायची की समोरच्याला हात उचलायची पाळीच येऊ नये. तिच्या लेखी माया म्हणजे हेच. माणसाने मागायच्या आत व्हायला हवं. मागावं लागलं तर मग आपण कशाला आहोत?

कोपऱ्यातल्या खिडकीपाशी राहणाऱ्या बाईंवर तिचा जास्त जीव. त्यांना अर्धांगाचा झटका येऊन गेला होता. बोलणं परत आलं होतं, पण उजवा हात जड पडला होता. तो मांडीवर ठेवलेला असे, कुणीतरी सांभाळायला दिलेल्या वस्तूसारखा. सकाळी त्या हनुवटी वर करून, स्वेटर उघडा ठेवून पलंगावर बसत, जणू दरबार भरलाय. म्हणून मावशीने त्यांचं नाव ठेवलं राणीसाहेब. आपल्या भाषेतलं आहे, त्यांना काय कळतंय, असं तिला वाटायचं.

तर अशी ही मावशी एका दुपारी स्वतःच्या इमारतीच्या जिन्यावरून पडली. तळघरातल्या मशीनमधून धुतलेले कपडे टोपलीत घेऊन येत होती. जिना संपला असं वाटलं, पण एक पायरी बाकी होती. टोपली सोडली असती तर कठडा धरता आला असता, पण स्वच्छ कपडे जमिनीवर कसे टाकायचे? कपडे वाचले. उजवा हात कोपरापाशी मोडला.

दवाखान्यात प्लास्टर घातलं, हात गळ्यात आला आणि घरात वन्संचं राज्य सुरू झालं.

वन्सं म्हणजे मावशीची मोठी नणंद. नवरा लवकर गेलेला, मूलबाळ नाही. भावाने हट्टाने आपल्याकडे आणलं होतं. भाऊ भल्या पहाटे पावाची गाडी घेऊन जायचा, भावजय कामावर जायची. इथली भाषा येत नाही, ओळखपाळख नाही. वन्संचा दिवस देवासमोरचं निरांजन आणि रस्त्याकडची खिडकी यांच्यामध्ये सरायचा. "देवा, मला कुणाच्या तरी उपयोगी पडू दे," एवढंच त्या रोज मागायच्या. अशा बाईच्या हाती देवाने गळ्यात हात बांधलेली भावजयच आणून दिली.

मग काय विचारता! सकाळी तोंड धुऊन देणं, वेणी घालणं, उशीवर उशी रचून त्यावर हात ठेवणं. जेवायची वेळ झाली की वन्सं चमचा घेऊन समोर.

"आ कर."

"वन्सं, डावा हात आहे हो मला."

"असू दे. त्यालाही विसावा. जन्मभर दुसऱ्यांना भरवलंस, आता घे भरवून. आ कर म्हणते ना!"

"ताई, मलाही भरव की," नवरा कोपऱ्यातून म्हणायचा.

"तू आधी हात मोडून ये."

मावशीला संकोच वाटे. पण चमचा पुढे करताना वन्संच्या चेहऱ्यावर जे काही उजळायचं, ते या घरात तिने आधी कधी पाहिलं नव्हतं. म्हणून ती निमूटपणे तोंड उघडी.

प्लास्टर निघालं त्या दिवशी मावशी देवाला नमस्कार करायला उभी राहिली आणि घाबरली. उजवा हात कोपरात वाकलेला तो वाकलेलाच. सरळही होईना, आणखी वाकेनाही. खांद्याला न दिसणारी पर्स लटकवल्यासारखा. तळवे जेमतेम जुळले, पण बोटाला बोट घट्ट लावण्याइतकाही जोर नाही. मनगट काडीसारखं झालेलं.

डॉक्टर म्हणाले, हाड उत्तम जुळलंय, आता फिजिओथेरपी घ्यायची. सांगायला सोपं. सरकारी दवाखान्यात विचारलं तर खिडकीतल्या माणसाने इतकी लांबची तारीख दिली की नवरा म्हणाला, "तोवर हिचा दुसराही हात मोडून जुळेल." एका खाजगी ठिकाणी गेली, तर तिथली मुलगी भरभर बोलून गेली आणि मावशीला त्यातलं फक्त 'नमस्कार' आणि 'धन्यवाद' कळलं. वन्सं म्हणाल्या, "कशाला हवंय ते? मी तेल चोळते." आणि त्यांनी कोपर असं चोळलं की ते संध्याकाळी लाल होऊन सुजलं.

तशातच मेट्रनचा निरोप आला, येऊन भेटून जा.

मेट्रन वाईट नव्हती. कपाटासारखी उंच, शिस्तीची बाई. मावशीचा हात पाहून तिने चष्मा काढला. "मावशी, स्पष्ट सांगते. या हाताने माणूस उचलता येणार नाही. महिनाअखेरीला मी स्वतः बघेन. दोन्ही हातांनी नीट काम करता आलं तर वॉर्ड तुमचा. नाहीतर खाली कपड्यांच्या खोलीत जागा आहे. पगार तोच."

मावशी हो म्हणाली आणि बाहेर आली. कपड्यांची खोली तिला माहीत होती. खिडकी नाही, माणूस नाही, टॉवेलांचे ढिगारे. दिवसभर घड्या घालायच्या. टॉवेल काही "मावशी" म्हणून हाक मारत नाही. तिचे डोळे भरून आले.

"रडत्येस काय? ढकल मला."

लिफ्टसमोर चाकाच्या खुर्चीत राणीसाहेब बसल्या होत्या. नवी आया त्यांना तिथे ठेवून कुठेतरी गेली होती. "माझी व्यायामाची वेळ टळून चालली आहे, आणि ती पोरगी फोनवर आहे."

मावशीने डोळे पुसले. डाव्या हाताने आणि कमरेने रेटत तिने खुर्ची लिफ्टमध्ये घातली, खालच्या मजल्यावर नेली, स्वयंपाकघराच्या कोठाराशेजारच्या त्या दारापर्यंत आणली. या दारापर्यंत ती वर्षानुवर्षं येत होती. खुर्ची आत सरकवायची, दार लोटायचं आणि पुढच्या माणसाकडे धावायचं. आत काय चालतं ते तिने कधी पाहिलं नव्हतं. तिला वेळच कुठे होता?

"थांब," आतून आवाज आला. "खुर्ची कमरेने का ढकलतेस?"

आखूड केसांची, ठेंगणी, गुटगुटीत बाई दारात आली. ही फिजिओबाई. तीही कुठल्या तरी तिसऱ्याच देशातून आलेली. तिची तिथली भाषा मावशीइतकीच मोडकी, त्यामुळे दोघींना एकमेकींचं सगळं समजलं. तिने मावशीचा हात अलगद धरला, एका प्लास्टिकच्या पट्टीने कोपराचा कोन मोजला, लाल झालेली कातडी पाहिली.

"हे कुणी चोळलं?"

"नणंदेने. मायेने."

"मायेला सांग, कोपरापासून लांब राहा." मग मेट्रनला फोन लावून ती काहीतरी ठासून बोलली आणि फोन ठेवून म्हणाली, "रोज ये. इथल्या माणसांचे हात मोडले तर ते इथेच दुरुस्त व्हायला नकोत?"

"माझ्याच वेळेला घे तिला," राणीसाहेबांनी फर्मावलं. "मला सोबत होईल."

सारा गाव पालथा घातला आणि औषध निघालं रोजच्या वाटेवरच्या दाराआड. देवाची करणी म्हणून मावशीने मनातल्या मनात हात जोडले. मनातले हात मात्र छान जुळत होते.

दुसऱ्या दिवसापासून ती जाऊ लागली. वेगळीच खोली होती ती. छताला कप्पी, कप्पीत दोरी. भिंतीवर लाकडी शिडी चिकटवलेली, तिच्यावरून बोटांनी चढत जायचं. एका परातीत तांदूळ, त्यात हात खुपसून मुठी वळायच्या. मावशीला टेबलावर टॉवेल देऊन पुसायला लावलं, पुढे, मागे, पुढे, मागे. "हे तर माझं रोजचंच काम," ती म्हणाली, आणि चार वेळा टॉवेल सरकवल्यावर तिला घाम फुटला.

शेजारी राणीसाहेब कपड्यांचे चिमटे दोरीला लावत होत्या. जड हाताने एक चिमटा लागायला केवढा वेळ लागत होता! चिमटा पडला की मावशी वाकून उचलायला जाई आणि फिजिओबाई तोंडाने "च्च" करी. मावशी पुन्हा सरळ बसे. तिच्या आयुष्यात इतकं अवघड काम तिला कुणी दिलं नव्हतं. स्वतःचा हात दुखतो ते सोसवत होतं, दुसऱ्याची धडपड बघवत नव्हती.

आणि मग तिने जे पाहिलं, त्याने ती टॉवेलच विसरली. व्यायाम संपला, राणीसाहेबांनी स्वेटर पुढे ओढला आणि सगळ्यांत खालचं बटण उजव्या हातात धरलं. बोटं थरथरली, बटण निसटलं, पुन्हा धरलं. काजाशी आलं, घसरलं. पुन्हा. आणि गेलं आत. मग त्यावरचं. मग त्यावरचं. हनुवटी वर करून त्यांनी मावशीकडे पाहिलं.

"राणीसाहेब! तुम्हाला बटणं लावता येतात?"

"येतात."

"कधीपासून?"

"बरेच दिवस झाले."

"मग रोज सकाळी स्वेटर उघडा ठेवून बसता ते कशाला?"

"तू कधी थांबलीस का बघायला? मी हात उचलेपर्यंत तू गळ्यापर्यंत पोचलेली असायचीस." मग राणीसाहेबांचा आवाज खाली आला. "आणि खरं सांगू? तू ती इतक्या प्रेमाने लावायचीस, गाणं गुणगुणत. म्हटलं, मी लावते असं म्हणाले तर तुझं मन मोडायचं. म्हणून हात मांडीवर ठेवून बसायची."

मावशीला वन्संचा चमचा आठवला. "आ कर." आणि आपण तोंड उघडतो तेही आठवलं. भूक आहे म्हणून नव्हे, हात मोडलाय म्हणूनही नव्हे.

"आणि हो," राणीसाहेब म्हणाल्या, "तू मला काय म्हणतेस त्याचा अर्थ मी तुझ्या नवऱ्याला विचारून घेतलाय. तो इथे पाव द्यायला येतो तेव्हा. मला आवडलं. चालू ठेव."

दिवस जात होते, पण कोपर अडून बसलं होतं. फिजिओबाई पट्टी लावून बघे आणि भुवया उंचावे. "इथे हात उघडतो, दुसऱ्या दिवशी परत तसाच. घरी काय करतेस?"

"काही नाही."

"तेच विचारतेय. भांडी कोण घासतं? केस कोण विंचरतं? जेवतेस कोणत्या हाताने?"

मावशीने नुसतं तोंड उघडून दाखवलं.

"भरवतात?" फिजिओबाईने कपाळावर हात मारला. "अगं, मी इथे तासभर हात जागा करते, आणि तुझी नणंद दिवसभर त्याला अंगाई गाते!"

मावशीने ठरवलं, आज सांगायचं. घरी आली, तर वन्संनी गरम पाणी काढून ठेवलेलं, टॉवेल खांद्यावर घेऊन उभ्या. "आलीस? बैस, पाय दुखले असतील." पाय! मोडला होता हात. मावशीने तोंड उघडलं आणि त्यात घास आला.

असं तीनचार वेळा झालं. मग मावशीने चोरून करायचं ठरवलं. आता बघा, एरवी माणसं काम चुकवायला चोरी करतात, ही बाई काम करायला चोरी करू लागली. वन्सं देवापुढे डोळे मिटून बसल्या की ती हळूच स्वयंपाकघरात शिरायची, उजव्या हाताने भांडं विसळायची, ओटा पुसायची. एका सकाळी तिने दुधाचं पातेलं उचललं. अर्ध्या वाटेवर मनगटाने दगा दिला. पातेलं खणकन खाली, दूध दारापर्यंत.

वन्सं धावत आल्या. "अगं बाई, भाजलं का? हात दाखव. दाखव हात!" भाजलेलं नाही हे बघितल्यावर त्या दाराला टेकून उभ्या राहिल्या. "मला हाक का नाही मारलीस?"

"वन्सं, मला करू द्यायला हवं. त्या बाई म्हणतात..."

"माझं काही चुकलं का?"

"नाही हो. चुकलं काहीच नाही."

"मग माझ्या हातचं नकोसं झालं का?" वन्संनी ओट्यावरचं फडकं ओढलं. "मी जास्तच केलं असेल. मला कळत नाही कुठे थांबायचं. कुणाचं कधी केलंच नाही ना." त्या खाली बसून दूध पुसू लागल्या. मावशीही डाव्या हाताने पुसू लागली. दोघी एकाच फरशीवर, पण वन्संनी तिच्याकडे पाहिलं नाही.

त्या दिवशी ताट नुसतं समोर ठेवलं गेलं. वेणीचा कंगवा उशीवर ठेवलेला दिसला. घरात भांडण नव्हतं, नुसती पोकळी होती. नवरा आला, दोघींकडे बघून म्हणाला, "काय झालं? कुणी मला भरवणार नाही का?" दोघीही हसल्या नाहीत. मावशीला वाटलं, हात सरळ करायला गेले आणि घर वाकडं करून बसले.

दुसऱ्या दिवशी निघताना ती वन्संच्या खोलीच्या दारात उभी राहिली. "वन्सं, माझ्याबरोबर चला."

"मी कशाला? मला तिथलं काय कळतंय?"

"नाही कळलं तर नाही. बसने एकटीला कंटाळा येतो. चला ना."

वन्सं आल्या. चांगलं लुगडं नेसून, कपाळ पुसून, देवाला सांगून. व्यायामाच्या खोलीत भिंतीलगतच्या बाकावर त्यांना राणीसाहेबांशेजारी बसवलं. दोघींची एकही भाषा सामाईक नाही. वन्संनी मान लववली, राणीसाहेबांनी हनुवटी. ओळख झाली.

मावशी कप्पीची दोरी ओढू लागली. हात वर जाताना तिच्या चेहऱ्यावर कळ उमटे. वन्सं अर्ध्या उठल्या. फिजिओबाईने तळवा दाखवला. वन्सं बसल्या. पुन्हा कळ, पुन्हा वन्सं अर्ध्या उठलेल्या. एवढ्यात शेजारी राणीसाहेबांचं बटण निसटलं. वन्संचे हात त्यांच्या नकळत पुढे झाले आणि बटणाशी पोचले.

राणीसाहेबांनी त्या हातावर हलकेच चापट मारली.

वन्संचा चेहरा लालबुंद. राणीसाहेबांनी मग आपला जड उजवा हात उचलला, तेच बटण धरलं, आणि वन्संच्या डोळ्यांत बघत, अगदी सावकाश, एकदा चुकून, दोनदा चुकून, ते काजात घातलं. आणि हसल्या. लहान मूल पहिलं पाऊल टाकून आईकडे बघतं तशा.

वन्संनी काय केलं माहीत आहे? त्यांनी आपले दोन्ही हात मांड्यांखाली घातले आणि त्यांवर घट्ट बसल्या. उरलेला सगळा वेळ त्या तशाच बसून होत्या, ओठ हलत होते. नामस्मरण चाललं होतं. मावशीचा हात वर गेला की नाम भरभर चाले, खाली आला की हळू.

निघताना फिजिओबाई मावशीला म्हणाली, "यांना सांग, घरी मला माणूस हवंय. सगळ्यांत अवघड काम आहे."

"कसलं काम?"

"थांबायचं. ही धडपडताना जवळ बसायचं, हात लावायचा नाही, आणि उठूनही जायचं नाही. दुसऱ्या कुणाला जमणार नाही. जिची माया कमी ती उठून जाते."

मावशीने ते वन्संना आपल्या भाषेत सांगितलं. बसमध्ये बसल्यावर वन्सं म्हणाल्या, "काम अवघडच आहे हो. त्यापेक्षा भरवणं सोपं."

मग घरात नवीनच खेळ सुरू झाला. मावशी उजव्या हाताने जेवायला बसे, घास तोंडाऐवजी गालाला लागे. समोर वन्सं हात मांडीखाली दाबून.

"हसा हवं तर, वन्सं."

"मी कुठे हसतेय? देवाचं नाव घेतेय. गालाला काय भरवतेस, तोंड इकडे आहे."

केस विंचरताना हात मागे पोचत नसे. कंगवा अर्ध्यावर अडके. वन्सं डोळे मिटून घेत, एक डोळा उघडून बघत, पुन्हा मिटत. "जरा वर. अजून. अगं, मी हात नाही लावत, तोंड तर चालवू देशील?"

आणि कोपर हळूहळू उघडू लागलं. रुसलेलं माणूस जसं आधी नुसतं कूस बदलतं, मग हूं म्हणतं, तसं. एका सकाळी देवापुढे मावशीने हात जोडले आणि बोटं आपली आपण घट्ट बसली. ती तशीच उभी राहिली. मागून वन्सं म्हणाल्या, "आता सोड, निरांजन विझेल." पण त्यांनीही मागे हात जोडलेले होते.

महिनाअखेर आली. फिजिओबाईने शेवटचं मोजलं. "थोडा बाक राहिलाय. तो कदाचित राहीलच."

"मग मेट्रन नापास करेल?"

"ते तू कसं काम करतेस त्यावर."

मेट्रन वॉर्डात उभी होती. "कुणाला तरी उठवून तयार करून दाखवा," ती म्हणाली. कोपऱ्यातून आवाज आला, "मला."

मावशी पलंगाशी गेली. पूर्वीची मावशी असती तर एका हिसक्यात राणीसाहेबांना उचलून बसवलं असतं. तिने हात पुढे केले आणि तिचा तिलाच अंदाज आला. सगळा भार या कोपराला पेलणार नाही. मग ती वाकून म्हणाली, "राणीसाहेब, तुम्ही कठडा धरा. उजव्या हातानेसुद्धा. मी पाठीला आधार देते. आपण दोघी मिळून उठू."

"आत्ता कुठे विचारलंस," राणीसाहेब म्हणाल्या आणि त्यांनी कठडा धरला.

दोघी मिळून उठल्या. मावशीचा बाक असलेला हात त्यांच्या पाठीमागे नीट बसला, सरळ हात बसला असता त्यापेक्षाही नीट. चादर बदलली. पाय खाली आले. केस विंचरून झाले. राहिला स्वेटर. मावशीने तो अंगात घालून दिला, दोन पावलं मागे सरली, आणि हात पाठीशी बांधून उभी राहिली.

पहिलं बटण. निसटलं. पुन्हा धरलं. नवी आया दारातून बघत होती. मेट्रनने उभ्याउभ्या पाय बदलला. दुसरं बटण काजाच्या कडेला अडलं. मावशीच्या पाठीमागची बोटं एकमेकांत रुतली होती. तिच्या कानात कुठूनतरी नामस्मरण ऐकू येत होतं. तिसरं बटण चालू असताना मेट्रनला राहवेना. ती हळू आवाजात म्हणाली, "मावशी, तुमच्या बोटांना अजून जोर नाही का?"

उत्तर राणीसाहेबांनी दिलं, मान वर न करता.

"तिचा हात बरा झाला. आता माझा होतोय. जरा थांबा."

मेट्रन घड्याळ बघायला निघाली होती. घड्याळ बांधलेला हात तिने पाठीमागे घेतला. चौथं बटण गेलं, गळ्याजवळचं गेलं. राणीसाहेबांनी हनुवटी वर केली आणि दरबार भरला.

"सोमवारपासून या," मेट्रन म्हणाली. दाराशी जाऊन परत वळली. "सकाळी जरा लवकर या. असं करायचं तर वेळ लागणार."

मावशी घरी आली तेव्हा वन्सं खिडकीतच होत्या. चेहऱ्यावरूनच त्यांना कळलं. देवापुढे जाऊन डोकं टेकून आल्या, मग नेहमीसारख्या समोर बसल्या, सवयीने हात मांडीखाली. आता भावजय पुन्हा दिवसभर कामावर जाणार आणि आपण पुन्हा खिडकीशी, हे त्यांच्या मनात आलंच असेल.

मावशीने कंगवा घेतला आणि त्यांच्यासमोर पाठ करून बसली.

"वन्सं, वेणी घाला."

"आता येते ना तुला?"

"येते."

"मग?"

"मग काय मग? येते म्हणूनच मागतेय. घाला की. आणि सोमवारी माझ्याबरोबर चला. राणीसाहेबांनी निरोप दिलाय, बटणाच्या वेळी त्यांना तीच हातांवर बसणारी बाई शेजारी हवी आहे."

वन्संनी मांडीखालचे हात बाहेर काढले. मुंग्या आल्या होत्या, झटकले. मग केसांत कंगवा घातला, आणि अजिबात घाई केली नाही.